तंबू, सुंभ आणि बंड्या

कुत्र्याला तंबूत झोपवायचं असेल तर एक गोष्ट आधीच कबूल करून टाका: तंबू तुमचा नसतो. पहिल्याच रात्री आमच्या बंड्याने दोन माणसांच्या तंबूत बरोब्बर मधोमध आडवं अंग टाकलं, चारही पाय माझ्या बरगड्यांत रोवून ताणले आणि पहाटे मी बाहेर दवात, तो माझ्या पांघरुणात, अशी वाटणी झाली. बंड्या अस्सल गावठी. एक कान उभा, एक पडका, आणि चेहऱ्यावर सतत कुणीतरी आपली पोळी पळवल्याचा भाव. जागा होती रत्नागिरीजवळच्या एका मित्राची आंब्याची बाग. तिथून परतल्यावर ‘कुत्र्याला घेऊन मुक्काम’ या विषयाचा मला नादच लागला. त्या नादात जमवलेला हा माल. काही कामाचा, काही नुसताच गप्पांत फेकायला.

उद्यान शेजारी, पण पाटी आडवी

रत्नागिरी जिल्ह्याच्या डोंगरकडेला चक्क राष्ट्रीय उद्यान टेकलेलं आहे, हे खुद्द रत्नागिरीत पुष्कळांना ठाऊक नसतं. चांदोली. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या मिळणीवरचं, सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचं जंगल. २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्याच्या जोडीने सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपुरातून प्रचितगडाकडे मान वर करून पाहिलं की जी हिरवी भिंत दिसते, तिच्या पलीकडे हेच रान सुरू होतं.

तर तिथे बंड्याला नेता येईल का? नाही. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्याला प्रवेश नसतो. ‘आमचा अगदी शहाणा आहे हो’ ही सबब चालत नाही. कारण प्रश्न शहाणपणाचा नाही, शिंकेचा आहे. कुत्र्यांच्या ‘डिस्टेंपर’ या रोगाचा विषाणू वाघ-सिंहांनाही लागतो. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत त्याने जवळजवळ एक तृतीयांश सिंह, म्हणजे हजारेक जनावरं, संपवली. २०१८ मध्ये आपल्या गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह दगावले, त्यातही या विषाणूचा हात सापडला. एक कुत्रा झाडाच्या बुंध्याशी पाय वर करून जातो आणि त्याच बुंध्याशी दुसऱ्या दिवशी बिबट्या नाक लावतो. पाटी आहे ती एवढ्यासाठी.

यातली गंमत पुढेच आहे. भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९३६ सालचं, ज्याला पुढे जिम कॉर्बेटचं नाव मिळालं. आणि कॉर्बेट जंगलात हिंडायचा तो कुणाला घेऊन? रॉबिन नावाच्या कुत्र्याला. पंधरा रुपयांना घेतलेलं पिल्लू होतं ते, आणि ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या पुस्तकात त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आज रॉबिन त्याच उद्यानाच्या फाटकावर आला, तर पहारेकरी त्याला मालकाच्या नावाच्या पाटीखालून परत पाठवील.

अमेरिकेत रीत वेगळी. तिथल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत तंबूतळावर कुत्रा चालतो, मात्र दोरी सहा फुटांहून लांब नको. यलोस्टोनमध्ये तो रस्त्यावर, गाडीतळावर आणि तंबूतळावर चालतो, पायवाटेवर नाही. मेन राज्यातलं अकेडिया उद्यान त्या मानाने फारच दिलदार, तिथे शंभरेक मैल वाटा कुत्र्यांना मोकळ्या आहेत. आणि ‘बार्क रेंजर’ नावाचा उपक्रमही आहे. बार्क म्हणजे भुंकणं, पण इथे त्यातल्या चार इंग्रजी अक्षरांचे चार नियम केलेत: घाण उचला, दोरी सोडू नका, वन्यप्राण्यांचा मान ठेवा, कुठे जायचं ते माहीत करून घ्या. हे पाळणाऱ्या कुत्र्याला काही उद्यानांत बिल्लाही मिळतो. बंड्याने तो पहिल्या तासात खाल्ला असता.

आपल्या जंगलात हक्काने शिरणारा कुत्रा एकच: सरकारी नोकरीतला. वाघाची कातडी, हाडं, खवल्या मांजराचे खवले हुंगून काढणारी श्वानपथकं ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २००८ पासून वनखात्यांसाठी उभी करायला घेतली. महाराष्ट्राच्या वनखात्याकडेही असे कुत्रे आहेत. कुत्र्याला राष्ट्रीय उद्यानात राहायचंच असेल तर परीक्षा देऊन या, असा हा हिशेब.

भुंकतं कोण, शिट्टी कुणाची?

रात्री अकराच्या सुमारास बागेच्या खालच्या अंगाने भुंकण्याचा आवाज आला. एकच ठसका, मग तीन-चार सेकंद शांत, मग पुन्हा ठसका. बंड्या उठून बसला, पण उत्तर देईना. मित्राचा गडी म्हणाला, ‘कुत्रा नाय तो. भेकर हा.’

भेकर हे आपल्या रानातलं छोटं हरीण. बिबट्याचा वास लागला की कुत्र्यासारखं भुंकायला लागतं आणि मनात आणलं तर अर्धा-पाऊण तास भुंकत राहतं. तंबूतल्या शहरी माणसाला वाटतं गावातली कुत्री भांडताहेत. प्रत्यक्षात ती जंगलाची घंटा असते.

याउलट जंगलातला खरा कुत्रा, म्हणजे रानकुत्रा, भुंकतच नाही. तो शिट्टी मारतो. कोळसून, कोळसुंदा, कोळशिंदा अशी त्याची नावं गावागणिक बदलतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात त्याचे कळप आहेत. झाडीत एकमेकांपासून फुटले की शिट्ट्या मारून पुन्हा गोळा होतात. बंड्याचा तो भाऊबंद आहे, पण चुलतचुलत. घरच्या कुत्र्याला ४२ दात असतात, कोळसुंद्याला ४०. खालच्या जबड्यातली एकेक दाढ त्याला निसर्गाने दिलेलीच नाही, आणि त्याच्याशिवाय तो सांबर लोळवतो.

तिसरा आवाज कोल्ह्याचा. कोल्हेकुई सुरू झाली की घरचा कुत्राही मान वर करून सूर लावतो. बंड्याने त्या रात्री लावलेला सूर ऐकून मला त्याच्या खानदानाबद्दल शंका आली, पण तो विषय मी वाढवला नाही.

बिबट्याच्या ताटात काय?

हा परिच्छेद मात्र हसण्यावारी नेऊ नका. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या शेतीभागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्यांच्या एकूण खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या बऱ्याच मागे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीही भटकी कुत्री हेच बिबट्याचं मोठं रेशन आहे. कोकणात बिबट्या घाटमाथ्यापुरता राहिलेला नाही. बागांत, कातळाच्या सड्यावर, वाडीच्या मागच्या दारापर्यंत येतो.

म्हणून तंबूबाहेर खुंटाला बांधलेला कुत्रा म्हणजे राखण नव्हे, आमंत्रण आहे. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. रत्नागिरीच्या दुकानांत असला पट्टा मी विचारला नाही. कुत्रा रात्री आत घ्या, एवढं सोपं आहे. मग तुम्ही बाहेर दवात झोपलात तरी चालेल.

एक कुत्रा अंडी उकरतो, दुसरा राखतो

किनाऱ्यावर तंबू ठोकायचा म्हटलं की गुहागर, आरे-वारे, आंजर्ले, वेळास ही नावं पुढे येतात. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येतात, हातभर खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वरून वाळू थापटतात आणि मागे वळूनही न बघता समुद्रात जातात. पुढे दीडेक महिना ती अंडी देवाच्या आणि वाळूच्या भरवशावर. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थोडी गार असेल तर नर जास्त. जन्माआधीच हवामान खात्याचा अंदाज!

आणि ही अंडी सगळ्यात आधी सापडतात कुणाला? कुत्र्यांना. कोल्हे आणि माणसंही होतीच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं, तेव्हा सापडलेली घरटी कुंपणाच्या आत हलवायची, हा त्यातला मुख्य उपाय होता. पिल्लं बाहेर आली की उचलून पाण्याशी सोडायची. आज त्याच वेळासला लोक कासव महोत्सवासाठी मुंबई-पुण्याहून पहाटे उठून येतात. जे गाव एकेकाळी अंडी खायचं, ते आता पिल्लांच्या वाटेवरून पाहुण्यांना मागे सरकवतं.

या कासवांचा आवाका बघा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायपंखाला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासची मजल. एवढं पोहून आलेल्या बाईची अंडी बंड्याने चार मिनिटांत उकरावीत, हे काही शोभणारं नाही. किनाऱ्यावर दोरी हवीच, आणि रात्री पांढरा टॉर्च नको. पिल्लं उजेड दिसेल तिकडे चालतात, समुद्र कुठे आहे हे त्यांना चमकण्यावरूनच कळतं.

आता कुत्र्यांची बाजू. अमेरिकेत टेक्ससच्या पाद्रे आयलंड या राष्ट्रीय किनाऱ्यावर एक छोटा केर्न टेरियर कुत्रा होता, नाव रिडले. कासवांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञबाईंचा. त्याला शिकवलं होतं ते कासवाचं घरटं हुंगून काढायला. माणसांना वाळूवरचा माग वाऱ्याने पुसल्यावर जे सापडत नव्हतं, ते हा शोधून द्यायचा, आणि अंड्यांना तोंड लावायचा नाही. नाक तेच, खोडही तीच. फरक शिकवणीचा.

गरम पाणी, गरम कातळ

यलोस्टोनमध्ये १९८१ साली एका माणसाचा कुत्रा उकळत्या झऱ्यात पडला. त्याला काढायला माणसाच्या मित्राने त्या पाण्यात उडी घेतली. पाणी नव्वद अंशांच्या वर होतं. दोघंही गेले. कुत्र्याला दोरीला का बांधायचं याचं उत्तर तिथले रखवालदार आजही याच गोष्टीने देतात.

आपल्या रत्नागिरीत गरम झरे आहेतच. संगमेश्वराकडे आरवली, तुरळ, राजवाडी. दापोली तालुक्यात उन्हवरे. राजापूरजवळ तर गावाचंच नाव उन्हाळे. माणसं तिथे अंघोळीला जातात, पण झरा जिथे उगम पावतो तिथलं कुंड आणि न्हाणीचं कुंड यांत फार फरक. आणि कुत्रा पाणी दिसलं की आधी तोंड घालतो, मग विचार करतो.

पण रत्नागिरीतला खरा तवा म्हणजे सडा. जांभ्या दगडाचं ते काळंतांबडं सपाट पठार मार्च-एप्रिलच्या दुपारी असं तापतं की चप्पल चिकटते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळव्यांतून, बाकी सगळं जिभेवर चालतं. त्यात कोकणातली दमट हवा, जीभ कितीही बाहेर काढली तरी वाळेना. युक्ती सोपी: हाताची मागची बाजू कातळावर टेकवा आणि सातपर्यंत मोजा. चारवर हात उचललात तर कुत्र्याला गाडीतून उतरवू नका.

सकाळी मात्र त्याच सड्यावर न्या. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथे कातळात कोरलेली भली मोठी चित्रं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीच्या हत्तीची लांबी सुमारे १८ मीटर, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी आणि मासे कोरलेले. कुठे कुठे गेंडाही आहे, म्हणजे कोरणाऱ्याने तो पाहिलेला असणार. देवाचे गोठणे इथे तर होकायंत्रच बिघडतं. तिथल्या चित्राजवळ सुई भलतीकडेच फिरते, कारण कातळाचं चुंबकत्व. नकाशा घेऊन कॅम्पिंगला आलेल्यांची तिथे चांगलीच फजिती होते. बंड्याने सुईकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि आम्हाला सरळ गाडीपाशी आणून सोडलं. गाडीत बिस्किटं होती.

कातळाच्या भेगांत फुरसं असतं, तेवढं लक्षात ठेवा. वीतभर लांब, अंग घासून करकर आवाज करणारं आणि विषारी. रत्नागिरी जिल्हा यासाठी पूर्वी इतका बदनाम होता की १८६२ च्या डिसेंबरात सरकारने मारलेल्या फुरशामागे बक्षीस ठेवलं, तेव्हा आठवडाभरात लाखावर फुरशी जमा झाली. बक्षीस मिळतंय म्हटल्यावर रत्नागिरीकराने काही ठेवलं नाही.

ताटातलं काय चालतं, काय नाही

भरभर सांगतो. हापूसचा गर थोडा दिला तर चालतो, बाठा मात्र हातातून सोडू नका. कुत्रा तो अख्खा गिळतो आणि तो आतड्यात अडकला की थेट शस्त्रक्रिया. ओले काजू सोलताना सालीचा चीक उडतो, त्याने जसे आपले हात भाजतात तसं त्याचं तोंड भाजतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट बंद. म्हणजे आपल्या फोडणीचं जवळपास सगळंच. सुकी मासळी मिठाने भरलेली, ती नको. समुद्राचं पाणी चुकून प्यायलाच तर पुढचे दोन तास तुमचे नाहीत.

किनाऱ्यावर जाळ्यातून टाकून दिलेला फुगलेला काटेरी मासा दिसला तर कुत्र्याला मागे ओढा. तो केंड. त्याच्या अंगातल्या विषावर औषध नाही. २००९ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडजवळ किनाऱ्यावर फिरायला गेलेली काही कुत्री एकाएकी मेली. वाळूत पडलेल्या समुद्री गोगलगायी त्यांनी खाल्ल्या होत्या, आणि त्यांच्यात केंडाच्याच जातीचं विष निघालं.

पावसाळ्यात जाणार असाल तर (जाऊ नका, रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तंबू म्हणजे काही होडी नव्हे) जमिनीतून वर येणारी अळंबी हुंगू देऊ नका. खायची कुठली, विषारी कुठली हे वाडीतल्या म्हातारीलाच कळतं. आपल्या भाषेने तर बिनकामाच्या अळंबीला नावच ‘कुत्र्याची छत्री’ दिलंय. छत्री त्याची, म्हणून त्याने ती खायची असं नाही.

आणि गोचीड. फिरून आलात की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. दक्षिणेला सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. तो माणसाला होतो गोचिडीमुळे. कुत्र्याची गोचीड काढणं ही त्याची नाही, तुमची सेवा आहे.

जातिवंतांची अडचण

कॅम्पिंगला कुठला कुत्रा चांगला? लोक लॅब्रडॉर सांगतात, गोल्डन रिट्रिव्हर सांगतात. कोकणच्या उकाड्यात त्या केसाळ प्राण्याला आणणं म्हणजे मे महिन्यात घोंगडी पांघरून मांडवीच्या जेटीवर फिरणं. आपल्या मातीतला म्हणाल तर मुधोळ. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान, आज कर्नाटकात. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या शिकारी कुत्र्यांची पैदास राखली आणि पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. बाकीचे तीन हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि राजापालयम. देखणा कुत्रा, पण तो शिकार हुंगत नाही, बघतो. दूर सड्यावर ससा हलला की तुमच्या हातात उरते फक्त दोरी.

त्यामुळे माझं मत सरळ आहे: गावठी. उन्हाला सरावलेला, जे मिळेल ते खाणारा, आणि अनोळखी माणसावर भुंकायचं की नाही याचा निर्णय स्वतः घेणारा.

आणायचा कसा?

रेल्वेने आणायचा तर पहिल्या वर्गाचा, दोन किंवा चार बर्थचा अख्खा कप्पा आपल्या नावावर हवा. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, कुठेच नाही. १९९८ पासून पूर्ण धावणाऱ्या कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे, आणि त्यातला सर्वांत लांब साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा रत्नागिरीच्या उंबऱ्यावरच, उक्षी आणि भोके स्टेशनांच्या मध्ये. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत. म्हणजे आपण ज्याला खडखडाट म्हणतो, ती त्याच्यासाठी पूर्ण बँडबाजाची वरात असते.

आम्ही गाडीनेच गेलो. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल बंड्याचं मत छापण्याजोगं नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर मात्र खिडकीतून नाक बाहेर काढून तो इतका गप्प बसला की मला त्याची तब्येत बिघडल्याची काळजी वाटली. खाडीच्या मध्यावर दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

आकाशातला कुत्रा

डिसेंबर-जानेवारीत सड्यावर रात्री आडवं पडलात की पूर्वेकडून मृग वर येतो, आणि त्याच्या मागोमाग सगळ्या आकाशात ठळक असा व्याध. आपल्याकडे गोष्ट अशी: मृग पळतोय, व्याधाने बाण सोडलाय, आणि मृगाच्या पोटात रुतलेले तीन तारे म्हणजे तो बाण. पश्चिमेकडे हीच आकृती उलटी. मृगाच्या जागी तिथे शिकारी ओरायन, आणि आपला व्याध म्हणजे त्याचा कुत्रा. ताऱ्याला नावच ‘डॉग स्टार’. एकाच ताऱ्यावर दोन गावांनी दोन वेगळ्या पाट्या लावल्या.

या दोन पाट्यांचा संबंध लावणारा माणूस रत्नागिरीचाच. लोकमान्य टिळक, जन्म २३ जुलै १८५६, टिळक आळी. १८९३ मध्ये त्यांनी ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला. मृग नक्षत्राच्या जागेवरून वेदांचा काळ ठरवण्याचा त्यांचा खटाटोप होता, आणि त्यात ऋग्वेदातल्या श्वानाचा धागाही त्यांनी थेट या ताऱ्याशी नेऊन जोडला. इंग्रज सरकार ज्यांच्या लेखांतून राजद्रोह शोधत होतं, ते गृहस्थ रात्री आकाशात कुत्रा शोधत होते, हे मला फार आवडतं.

ज्यांना कॅम्पिंग हा शब्द माहीत नाही

मित्राच्या बागेच्या वरच्या कोपऱ्यात एक खोपटी आहे. चार बांबू, वर निळं प्लास्टिक, त्यावर नारळाच्या झावळ्या. तीन दगडांची चूल, एक प्रेशर कुकर, एक रेडिओ. तिथे बागेचा राखणदार राहतो, नेपाळहून आलेला. मोहोर येण्याआधी येतो, शेवटची पेटी बाहेर पडली की जातो. रत्नागिरीच्या बागांत असे हजारो नेपाळी आहेत, आणि आता त्यांच्याशिवाय हापूस बाजारात पोहोचणं कठीण.

त्याच्यासोबत एक काळा कुत्रा. नाव काले. कामाची वेळ पहाटे साडेपाचला सुरू, कारण माकडं आणि वानरं तेव्हाच फांद्यांवरून येतात. राखणदार हातात गलोल घेतो, काले झाडाखालून धावतो. वर माकड, खाली कुत्रा, आणि माकड प्रत्येक वेळी एक कच्ची कैरी अर्धी खाऊन खाली फेकतं. काले ती हुंगून बाजूला होतो. संध्याकाळी त्याच्या ताटलीत भाताची पेज आणि तारल्यांची मुंडकी.

त्या माणसाने सांगितलं की दिवाळीत एक दिवस त्यांच्याकडे कुत्र्याचा असतो. कुकुर तिहार. आपल्या नरकचतुर्दशीला नेपाळमध्ये कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात फुलांची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. त्यानेही रत्नागिरीच्या बाजारातून झेंडू आणून कालेला माळ घातली होती. आपण अभ्यंगस्नान करून फराळ झोडपत असतो, तेव्हा आपल्याच बागेत कुणीतरी कुत्र्याची पूजा करत असतं.

याहून जुने कॅम्पर म्हणजे देशावरचे धनगर. पाऊस सरला की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं आणि कुत्री घेऊन घाट उतरतात. भात कापलेल्या शेतात रात्री वाडा बसवतात. मेंढरांची लेंडी शेताला खत, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावलेलं, आत मेंढरं, बाहेर कुत्री, आणि कुत्र्यांच्या पलीकडे काळोख. तंबूतळाला जागा मिळाली का, वाय-फाय आहे का, पाळीव प्राण्याचे जादा पैसे किती, असलं काही नाही. सकाळी उठून चालू लागतात.

कालेला आणि बंड्याला दोस्ती करायला दीड तास लागला. पहिला तास एकमेकांच्या शेपटीमागे, पुढचा अर्धा एकाच सावलीत. तिसऱ्या दिवशी निघायच्या वेळी बंड्या गाडीत चढेना. राखणदाराने दोन बिस्किटं दाखवून चढवला.

शेवटी एक कामाचं. येताना कुत्र्याची दोरी आणा, चांगली, नायलॉनची. आम्ही विसरलो होतो, म्हणून रत्नागिरीच्या बाजारातून काथ्याचा सुंभ घेतला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. बंड्याने तो दहा मिनिटांत पिळासकट चावून तोडला.